पानांना मिळालेले अनुदान

फार फार जुन्या काळची गोष्ट आहे ही, पण सांगताना अजूनही माझे डोके तापते.

एका राज्यात डोंगराच्या पायथ्याला द्राक्षांच्या बागा होत्या. एका वर्षी तिथे गारपीट झाली आणि बागांचे मांडव आडवे झाले. मांडव नसला की वेल जमिनीवर लोळतो आणि घड मातीत सडतात. राजाने जाहीर केले, की ज्याची बाग हिरवी आहे, त्याला मांडवासाठी शंभर मोहरांचे अनुदान मिळेल. मेलेल्या बागेवर पैसा वाया जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू होता. राजांच्या हेतूंना काय तोटा असतो?

बागा तपासायला अंमलदार निघाला. त्याने जन्मात कधी वेलाला हात लावला नव्हता.

तिथे एका बाईची बाग होती. नवरा गेल्यापासून ती एकटीच कसत होती. तिने चारच दिवसांपूर्वी छाटणी केली होती. छाटलेला वेल म्हणजे नुसती काळी काडी, त्यावर एक पान दिसत नाही. पण छाटणी केलीच नाही, तर पाने माजतात आणि द्राक्षे येत नाहीत. हे तिथले शेंबडे पोरही सांगेल.

अंमलदार वाटेवरूनच म्हणाला, "ही बाग मेली."

"मेली नाही, सरकार. आत्ताच छाटलीय," बाई म्हणाली. "आठ दिवसांनी या, कोंब दिसतील. पण मांडव आत्ताच उभा राहिला पाहिजे, नाहीतर सगळं मातीत जाईल."

"हुकमात हिरवी बाग लिहिलंय. मला हिरवं काही दिसत नाही."

शेजारचा बागवाला एक नंबरचा आळशी. त्याने दोन वर्षे कात्री हातात धरली नव्हती. त्याच्या बागेत पानांचे रान माजले होते. अंमलदार तिथे एका झाडाच्या सावलीत बसला, ताक प्यायला आणि शंभर मोहरा देऊन गेला.

पुढे बाईच्या वेलांना घड लागले, मातीत लोळले आणि सडले. तिने ते पाट्या भरभरून उकिरड्यावर ओतले.

पुढच्या वर्षीही राजाने तेच अनुदान चालू ठेवले. छाटणीच्या दिवसांत बाईने कात्री खुंटीला अडकवली. "पानंच हवीत ना त्यांना? घ्या म्हणावं पानं." मग गावात आणि बघता बघता साऱ्या राज्यात एकानेही छाटणी केली नाही. अंमलदार आला, सगळ्यांना मोहरा वाटून गेला आणि राजाला म्हणाला, "महाराज, राज्य इतकं हिरवं कधीच नव्हतं."

राजाने खूश होऊन शेजारच्या राजांना द्राक्षे खायला बोलावले. बाई पाटी घेऊन दरबारात आली. राजाने वरचे पान उचलले, तर खाली पान होते. त्याखालीही पानच.

"द्राक्षं कुठे आहेत?"

"आपण पैसे पानांना दिलेत, महाराज," बाई म्हणाली. "माझी द्राक्षं उकिरड्यावर गेली, तेव्हा आपलं कुणी विचारायला आलं नाही."

पाहुणे हसत उठून गेले. राजाने अंमलदाराला तिथल्या तिथे हाकलले आणि दरबाराने टाळ्या वाजवल्या. पण ज्याने हुकूम काढला तो राजा तर एकदासुद्धा बांधावर गेला नव्हता, हे त्याला ऐकवायची कोणाची छाती झाली नाही. छाटणीचे दिवस तर केव्हाच उलटले होते. त्या वर्षी साऱ्या राज्यात एक द्राक्ष पिकले नाही.

तात्पर्य: बांधावर न जाता दिलेली मदत देखाव्याला पोसते आणि कष्टाला बुडवते.