हात बहिरा की मुका

"बाबा, बधिर हाताला औषध काय?"

हैबती पहिलवानानं विचारलं आणि आपला उजवा हात रहीमशा फकिरापुढं असा टाकला, जणू दुसऱ्याच कुणाचा होता.

अंगात रग होती तोवर फकिराच्या ह्या तकियाकडं, मठीकडं तो फिरकला नव्हता. "मी कुणाच्या पायाशी बसत नसतो," म्हणायचा. आज बायकोनं, सगुणानं, हट्टानं आणला. ती मागं बसली होती, तान्ह्या लेकीला पदराखाली घेऊन.

कुस्तीत खांद्यावर आपटला तेव्हा हात लुळा पडला होता. मग हलायला लागला, जोरही आला. पण चटका कळेना, टोचलेलं कळेना. डॉक्टर म्हणाले, डोक्यातून हाताकडं हुकूम जातो ती वाट सुधारली. हाताकडून डोक्याकडं खबर येते ती वाट अजून बंद आहे. उघडेल, नाही तर नाही.

आणि एकदा सगुणाला मनगट धरून उठवायला गेला, तर तिच्या हिरव्या बांगड्या वाढल्या. फुटल्या म्हणू नये. काच रुतली, रक्त आलं, तरी ह्याची पकड सुटेना. ह्याला कळलंच नव्हतं.

तेव्हापासून त्यानं लेकीला हात लावला नव्हता. एकाच हातानं घ्यावं, तर मान कुणी सावरायची? पोर बापाकडं बघून हसायची, आणि बाप उठून गोठ्यात जायचा. सगुणाच्या जिवाला घोर लागला होता.

"बधिर म्हणजे बहिराच ना रे?" फकीर म्हणाला.

"व्हय."

"त्याला सांग, वर हो."

हैबतीनं हात वर केला.

"मूठ वळ म्हणावं."

मूठ वळली.

"मग बहिरा कसला? सगळं ऐकतोय की तुझं."

"ऐकतोय, बाबा... पण उलटून काही सांगत नाही."

"म्हणजे मुका आहे. उगाच बिचाऱ्याला बहिरा म्हणून बदनाम केलंस."

सगुणाला हसू फुटलं. तिनं पदर तोंडाला लावला.

हैबती चिडला. "मुका म्हणा नाही तर बहिरा म्हणा. बरा करा म्हणजे झालं. अख्खं अंग माझ्या हुकमात होतं, बाबा!"

"हुकूम द्यायला चांगला शिकलास, बेटा. ऐकून घ्यायला कधी शिकलास?"

हैबतीनं वळलेली मूठ सोडली.

फकीर सगुणाकडं वळला. "पोरी, ही तुझी लेक बोलते का गं?"

"एवढ्यात कुठली, बाबा?"

"मग भूक लागली, पोट दुखलं, तुला कळतं कसं?"

"तोंडाकडं बघून... कळतं आपलं."

"मग दे ह्याच्याकडं."

सगुणानं लेकीला आणखी जवळ ओढलं. "बाबा, आवळलं म्हणजे?"

फकीर मिशीतल्या मिशीत हसत राहिला.

तिनं नवऱ्याकडं बघितलं. भल्याभल्यांना आसमान दाखवणारा गडी, पिंपळाच्या पानासारखा थरथरत होता. तिला त्याची इतकी माया आली, की तिनं पोर पुढं केली.

हैबतीनं डावा हात खाली धरला, उजवा मानेशी. आणि भीतीनं डोळे गच्च मिटले.

पोरीचं तोंड वाकडं झालं.

"डोळे मिटून मुक्याशी बोलतोस होय?" फकीर गरजला.

हैबतीनं डोळे उघडले. पोरीच्या कपाळावर आठी होती. त्यानं बोटं सैल सोडली... फारच सैल. मान कलंडली. सगुणा झेपावली, पण त्याआधीच त्यानं पोरीचा भेदरलेला चेहरा पाहिला आणि बोटं पुन्हा हलकेच मिटली.

आठी गेली.

जरा वेळानं परत आली. परत बोटं सैल झाली. असं किती वेळ चाललं... तो श्वास घ्यायलाही भीत होता. पोर मात्र त्याच्या मिशीकडं टक लावून बघत होती.

मग त्यानं हात बदलले, डावा मानेशी, उजवा बुडाखाली, आणि पोरीनं धार सोडली. उजव्या हातावरून ओघळ गेला, ह्याला पत्ता नाही. मांडीवर ऊन ऊन थेंब पडले, तेव्हा तो दचकला.

"आगं, भिजवलं की गं मला!" म्हणाला आणि हसता हसता त्याचे डोळे वाहायला लागले.

सगुणा लगबगीनं उठली. "द्या इकडं. दुपटं बदलते, सर्दी होईल तिला."

फकिरानं आपली काठी तिच्यापुढं आडवी धरली.

"थांब, पोरी. दोघं बोलतायत."