ताण दिलेलं डाळिंब

एका राज्यात पहारेकऱ्यांना रात्री जागण्याचं काम उरलं नव्हतं. त्यांची राणी पद्मरेखाच टक्क जागी असे. काळजी एकच. लेक कलिका धावू लागली, भिंतीवर चढू लागली, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना.

दोष कुणाचा, हे राणीला पुरतं ठाऊक होतं. बारशाला रानातली मायाविनी भद्रकेशी आली होती, बाळाला मांडीवर घ्यायला. "हात धुतले का?" राणीने विचारलं. धुतले होते, तरीही बाळ दिलं नाही.

"जपतेस होय? मग हेही जप," म्हणत मायाविनीने अंगणात डाळिंबाचा दाणा फेकला. क्षणात त्याचं रोप झालं. "याला फळ येईल तेव्हाच लेक बोलेल." त्या दिवसापासून राज्यातली नदीसुद्धा उलटी, डोंगराकडे वाहू लागली.

मग काय विचारता! राणीने रोपाभोवती चांदीचं आळं बसवलं. सकाळी पाणी, दुपारी पाणी, आणि संध्याकाळी, आपण घातलं की नाही हे आठवेना म्हणून, पुन्हा पाणी. प्रत्येक पोथी निराळं खत सांगे. राणी सगळीच घाली. झाड पानांनी दाटलं, पण फूल नाही. पुढे पानंही पिवळी पडू लागली.

तेव्हा फांदीवरची साळुंकी म्हणाली, "राणीसाहेब, झाड बुडतंय."

"उपाय सांग."

"तीन कामं. दासी पाठवून भागणार नाही."

पहिलं काम, उलट्या नदीची वाळू मुळांशी घालायची. राणी डोंगर चढली, पदरात वाळू बांधून उतरली, चांदीचं आळं फोडलं. तुंबलेलं पाणी भसकन निघून गेलं.

दुसरं काम, दाटलेल्या फांद्या छाटायच्या. कात्री लावताच फांदी ओरडली, "आई!" आवाज कलिकाचा. तो कधी कानी पडला नव्हता, तरी राणीने ओळखला. तिने कात्री मागे घेतली.

"थोड्या ठेवल्या तर?"

"नाही."

राणी रडत रडत छाटत राहिली.

"आता ताण द्या," साळुंकी म्हणाली. "सगळी पानं गळेपर्यंत थेंबही नाही. तहानेशिवाय डाळिंब फुलत नाही."

"आणि मी काय करायचं?"

"काहीच नाही."

त्यापेक्षा राक्षस मारायला सांगितला असता, तर बरं झालं असतं.

माती भेगाळली. पानं गळू लागली. झाड पुटपुटे, "पाणी, पाणी." अखेर एके दुपारी राणी पदराआड कळशी घेऊन आलीच.

"मी नुसती बघायला आले."

"कळशी घेऊन?" साळुंकीने विचारलं.

तेवढ्यात कलिकाने कळशी ओढून नेली, लांब फरशीवर रिकामी केली, पालथी घातली आणि तिच्यावर बसली. मग शेजारची जागा हाताने थोपटली. राणी बसली. झाड पाणी मागत राहिलं, राणी लेकीचा हात घट्ट धरून ऐकत राहिली. शेवटचं पान गळलं.

"आता घाला!" साळुंकी ओरडली.

राणीने कळशी भरून आणून ओतली. पाणी मुळांशी पोचलं, तशी फांदी फांदी लालबुंद फुलली. फुलांमागून एक फळ धरलं, फुगलं, पिकलं. दारात भद्रकेशी येऊन बसली होती. यावेळी तिचे हात मातीने माखलेले. राणीने ते पाहिले आणि तरीही लेक तिच्या मांडीवर दिली. नदी वळून समुद्राकडे निघाली.

राजा धावत आला, प्रधान आला, पहिला शब्द टिपायला भाट टपून बसले. राणीने फळ फोडलं. एक दाणा लेकीला भरवला. मग दुसरा. मग तोंड पुसलं. मग बी घशात अडकेल म्हणून पाठ थोपटली आणि तिसरा दाणा पुढे केला.

कलिकाने आईचा हात हळूच बाजूला केला.

"राहू दे, आई. माझं मी खाते."