शेजारचं पुस्तक

पुस्तकं एकमेकांशी बोलत, त्या काळातली गोष्ट. परीक्षेआधी दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये म्हणून वैजयंतीने संख्याशास्त्राचं पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयात तत्त्वज्ञानाच्या कपाटात लपवलं.

“बसा पाहुणे,” शेजारचं म्हातारं तर्कशास्त्र म्हणालं. “मला बारा वर्षांत कुणी नेलं नाही. सोमवारी रद्दीत जाईन.”

“आजोबा, तुमच्याशिवाय मी मुलांना नुसतं पाठ होतं, कळत नाही,” असं म्हणत संख्याशास्त्र त्याला घट्ट चिकटलं.

दुसऱ्या दिवशी वैजयंतीने ओढलं, तर दोन्ही पुस्तकं हातात आली. जुनं ती उभ्यानेच वाचत राहिली.

“एका कार्डावर एकच,” ग्रंथपाल फाटकबाई म्हणाल्या.

“मग हे जुनं द्या, बाई. हे कळलं की ते कळेल.”

संख्याशास्त्र टेबलावरच राहिलं. ते रुसलं असेल का? मला तसं वाटत नाही, पण खात्री देववत नाही.