ढोलेबाईंची भिंत

“मग ती भिंत कुठं आहे, बाई?”

सुलक्षणा दारातच थबकली होती. एका हातात चपला, दुसऱ्या हातात पर्स, डोक्याला बांधलेला दुपट्टा घामानं चिकटलेला. दीड तास एसटीनं आणि पुढं अर्धा तास पायी, तेही ऐन वैशाखात, ती केवळ ही भिंत बघायला आली होती.

“हे काय, तुझ्या पुढंच,” ढोलेबाई म्हणाल्या.

पुढं भिंत होती. चुना दिलेली, मधेमधे पोपडे धरलेली, आणि खालच्या अंगाला सुकलेल्या खळीचे डाग. बाकी काही नाही.

“...हिच्यावर तर काहीच नाही.”

“आता तं नऊच वाजले.”

सुलक्षणा मटकन खाली बसली.

अंगणवाडी सेविकांच्या प्रत्येक प्रशिक्षणात कोणीतरी हमखास सांगायचं, भिंत सजवायला शिकायचं असेल तर ढोलेबाईंकडं जा. सांगणाऱ्यांपैकी किती जण स्वतः जाऊन आले होते, हे विचारायचं मात्र कोणालाच सुचलं नव्हतं. पासष्ट पुरी झाल्यावर ढोलेबाईंची अंगणवाडी सुटली, पण बाई काही सुटल्या नाहीत. समाजमंदिरामागच्या खोलीत कामावर जाणाऱ्या बायांची चौदा लेकरं सांभाळत बसल्या होत्या. आताही त्या एका पातेल्यात कणकेची खळ ढवळत होत्या, आणि आलेल्या पाहुणीला पाणी द्यायला उठायचंही त्यांच्या जिवावर आलेलं दिसत होतं. माठाकडं त्यांनी नुसती मान वळवली.

सुलक्षणानं आपल्या हातानं पाणी घेतलं. मग मोबाइल काढून पुढं केला.

“ही माझी भिंत.”

फोटो खरंच देखणा होता. कार्डशीटच्या बत्तीस टरबुजाच्या फोडी, एका मापाच्या, एका ओळीत. वर पिवळाधमक सूर्य, खाली आंबे, कागदी पंखे, आणि मधोमध थर्माकोलची अक्षरं... ‘आला उन्हाळा’.

बाईंनी फोटो बराच वेळ पाहिला.

“किती दिवस लागले?”

“तीन रविवार.”

“पोरायनं केलं?”

“रंगवलं त्यांनीच. बिया त्यांनीच चिकटवल्या. कडा मी नंतर नीट कापून घेतल्या.”

“दमली असशीन.”

सुलक्षणाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पर्यवेक्षिका बाईंनी ग्रुपवर अंगठा टाकला होता. नवरा म्हणाला होता, ‘तुझ्या कात्रणांनी घर भरलंय.’ दमलीस का, हे कोणी म्हटलं नव्हतं.

“बाई, मी एकच विचारायला आले. मुलं भिंतीवरचं ओढून काढतात. तुम्ही कसं राखता?”

“कोण ओढते?”

“...एकच मुलगी. दुर्वा. चार वर्षांची आहे.”

“अन मंग?”

सुलक्षणानं पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला.

“तीनदा काढली तिनं फोड. आईला दाखवायची म्हणे. मी सांगितलं, आई येऊन बघेल. तर आई बिचारी पहाटेच मिरचीच्या गोदामात देठ खुडायला जाते, ती कधी येणार? तिसऱ्यांदा फ्रॉकमध्ये लपवून नेताना दारात धरली तिला. दुसऱ्या दिवशी तपासणी होती, बाई. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर उभी केली. विचारलं, ही कोण आहे?...”

बाई खळ ढवळत राहिल्या.

“पोरं म्हणाली, चोर.”

“पोरं म्हणाली.”

“...मीच म्हणायला लावलं.”

“ते टरबूज कोणाचं होतं?”

“तिनंच केलेलं. पण सजावटीतलं होतं ना!”

“पोरगी काय म्हणाली?”

“काही नाही. शब्दही बोलली नाही. आठ दिवस झाले, येत नाही. मदतनीस ताईला घरी पाठवलं, तर खाटेखाली जाऊन बसली. मी राजीनामा लिहून ठेवलाय, बाई. अकरा वर्षं झाली मला या कामात. मी या कामाची नाही, असं असेल तर तुम्हीच तोंडावर सांगून टाका. मी सुटेन तरी.”

बाईंनी पातेलं खाली ठेवलं. एक जुनी लग्नपत्रिका आणि एक बोथट कात्री सुलक्षणापुढं सरकवली.

“बस पोरायमंदी. एक फोड कर.”

“बाई, मी काय विचारलं...”

“ऐकलं मी. कर.”

लेकरं भिंतीलगत फतकल मारून बसली होती. लग्नसराईच्या पत्रिकांचा ढीग, रंगाच्या वाट्या, आणि एका झाकणात टरबुजाच्या सुकवलेल्या बिया. कोणी माठ करत होतं, कोणी आंबा. एकाचा माठ चालला होता आणि त्याला पाय होते. सुलक्षणाचा हात आपोआप तो नीट करायला पुढं गेला. बाईंनी नुसतं पाहिलं. हात मागं आला.

कात्रीला धार नव्हती. फोड एकीकडून फुगली, दुसरीकडून खाल्ल्यासारखी झाली. शेजारी छबू नावाची एक शेंबडी मुलगी बसली होती. सुलक्षणाची फोड तिनं वाकून पाहिली आणि न विचारता एकेक बी तिच्या तळहातावर ठेवू लागली. खळ लावायची, बी दाबायची, दुसरीसाठी हात पुढं करायचा. रंग नखांत गेला. सुलक्षणाला पर्यवेक्षिका, तपासणी, राजीनामा, काही म्हणता काही आठवेना. त्या तीन रविवारांत तिनं बत्तीस फोडी कापल्या होत्या, पण त्यातली एकही तिची नव्हती.

“कोठी लावू?” तिनं विचारलं, आणि आपण मुलासारखं विचारलं म्हणून तिला हसू आलं.

“तुहा हात पुरते तिथं लाव,” बाई म्हणाल्या.

साडेदहापर्यंत भिंत भरली. तिरपी, वेडीवाकडी, कुठं दाट तर कुठं विरळ. चौदा पोरं आणि पंधरावी सुलक्षणा, सगळी मागं सरकून आपापलं बघत राहिली. छबूनं सुलक्षणाला आपला आंबा दाखवला. मग सुलक्षणाची फोडही तिलाच दाखवली, जणू तिला ती सापडली नसती.

अकराला बाईंनी टाळी वाजवली.

“चला वं, चला रे. ऊन तापाच्या आत घरी.”

आणि चौदाही पोरं भिंतीवर तुटून पडली. ज्याचं त्यानं ओढलं. एकाचा पंखा फाटला, त्यानं दोन्ही तुकडे घेतले. कोणी आंबा डोक्यावर धरला, कोणी माठ पाठीमागं. ओल्या खळीचे ठसे तेवढे भिंतीवर राहिले. पोरं दारात चपला शोधू लागली.

सुलक्षणा बघतच राहिली. मग उठली. तिची फोड अजून तिथंच होती. एवढ्या मोठ्या भिंतीवर एकटीच.

तिनं नखानं एक कोपरा उचलला. हळूहळू, न फाटू देता सोडवली. घरी गेल्यावर कोणाला दाखवायची हे काही तिला ठाऊक नव्हतं, पण न्यायची होती. तिनं पर्स उघडली.

मनगट कोणीतरी गच्च धरलं.

“चोर!”

ढोलेबाईंचा एवढा मोठा आवाज त्या खोलीनं वर्षात ऐकला नसेल.

“पोट्टेहो, इकडं पाहा! ही बाई भिंतीवरचं चोरून नेऊन रायली!”

दारातली पोरं वळली. चौदा तोंडं एकदम तिच्याकडं. सुलक्षणाचे कान तापले. माझंच आहे, मीच केलंय, एवढंच तर म्हणायचं होतं... चौतीस वर्षांची बाई, अकरा वर्षं मुलांना बोलायला शिकवलेली. शब्द म्हणून फुटेना. समोर खाट असती तर ती तिच्याखाली शिरली असती.

“चोर हाय ही,” बाई पुन्हा म्हणाल्या.

दारातून एक चप्पल पायात आणि एक हातात, अशी छबू धावत आली. रागानं लाल झाली होती. तिनं बाईंचा पदर धरून ओढला.

“बाई, ते त्याईचंच व्हय! बिया म्या देल्ल्या व्हत्या!”

“हाव, त्याईचंच व्हय,” मागून दोघं-तिघं ओरडली.

बाईंनी मनगट सोडलं.

“हाव काय? मंग चुकलं माझं.” त्यांनी आपले दोन्ही कान धरले. पोरं हसली आणि उन्हात पळाली.

खोली रिकामी झाली. सुलक्षणा उभीच होती, हातात ती वाकडी फोड घेऊन. आता ती रडत होती, आणि पुसायचंही भान तिला नव्हतं.

“माझ्याकडं दुर्वाच्या बाजूनं एकही बोललं नाही, बाई... बत्तीस पोरांत एकही.”

ढोलेबाईंनी खळीचं पातेलं उचललं, माठातल्या पाण्यानं धुतलं, पालथं घातलं. कंबरेवर हात ठेवून कष्टानं सरळ झाल्या.

“बाई, मी विचारलं त्याचं उत्तर...”

बाईंनी दाराबाहेर, उन्हाकडं पाहिलं.

“एसटी बाराची हाय. त्या दुर्वाचं घर तुमच्या स्टँडपासून लांब हाय काय?”