पैलतीराला कुणी विचारलंच नाही

फार फार पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची, ते मला विचारू नका. तेव्हाचे राजे गेले, नदीनंही पात्र बदललं, पण गोष्ट काही शिळी होत नाही, आणि त्याचाच मला राग येतो.

एका राज्याच्या कडेनं मोठी नदी वाहत होती. अलीकडे बारा गावं आणि त्यांची एक कचेरी. पलीकडचा काठ दुसऱ्या राजाचा. माणसांना नदीपार नेणारा एक नावाडी घाटावर राहत होता. गरीब, जरा तोंडाळ, पण हाताचा सच्चा.

एकदा एक घोंगड्यांचा व्यापारी त्याच्या नावेतून पलीकडे गेला आणि परत आलाच नाही. चार महिन्यांनी त्याचे भाऊ कचेरीत येऊन रडले. कोतवालानं नावेची झडती घेतली, तर फळीखाली व्यापाऱ्याचं पागोटं सापडलं. झालं! नावाड्यानं व्यापाऱ्याला बुडवून माल लाटला, असं ठरलं.

"सरकार, घाम आला म्हणून पागोटं काढलं आन् इसरून गेला त्यो," नावाडी हात जोडून म्हणाला. "पल्याड उतरला माझ्या डोळ्यांदेखत. तिथल्या घाटावर एकदा इचारून तरी बघा!"

न्यायाधीशांनी कपाळाला आठ्या घातल्या. "पलीकडचा काठ आपल्या कचेरीच्या हद्दीत येत नाही."

"आवो, पर मी त्याला तिकडंच सोडलाय!"

लोक हसले. न्यायाधीशांना हसू आलं नाही. त्यांची जेवणाची वेळ झाली होती. नावाड्याला जन्मभराची कैद झाली, आणि तो खुनी असल्याची दवंडी बाराही गावांत पिटली गेली.

सातव्या वर्षी व्यापारी परत आला. धडधाकट! दूर देशी धंदा जमला, तिथंच रमला. भावांना निरोप धाडायचं राहून गेलं म्हणे. पलीकडच्या घाटावर फुटाणे विकणाऱ्या म्हातारीला तो कुठं गेला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिला विचारायला सात वर्षांत कुणी गेलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात, असं आपण म्हणतो. इथं तर मुळात चोरच नव्हता!

व्यापारी घाटावर उतरताच कोतवालानं त्याला ओळखलं आणि कचेरीच्या मागच्या दारानं आत नेलं. आता न्यायाधीशांनी नावाड्याचे पाय धरले असतील, असं तुम्हाला वाटेल. कसले पाय अन् कसलं काय! त्यांनी व्यापाऱ्याला दम भरून आल्या वाटेनं परत पाठवलं. मग एक कागद लिहवून घेतला आणि नावाड्याच्या हातात ठेवला.

"महाराज उदार आहेत. त्यांनी तुला माफी दिली आहे."

"माफी? कशाची, सरकार?"

"फाटे फोडू नकोस. खाली अट आहे. तो व्यापारी जिवंत आहे, याबद्दल कुठं अवाक्षर काढलंस, तर माफी रद्द आणि पुन्हा कोठडी. लोकांचा न्यायावरचा विश्वास उडता कामा नये."

याला म्हणतात तोंड दाबून बुक्क्यांचा मार. नावाडी घाटावर परतला, पण खुन्याच्या नावेत कोण बसणार? बायाबापड्या त्याला पाहून पोरांना पदराआड घेत. तो सगळं गिळून गप्प राहिला. कोठडीतली सात वर्षं माणसाला गप्प राहायला शिकवतात.

पुढच्याच वर्षी एका गुराखी बाईच्या कळपातून देवाचा वळू नाहीसा झाला. बाईनंच तो विकला, असं कोतवालानं सांगितलं. देवाचं जनावर विकणाऱ्याचा उजवा हात तोडायचा, असा तिथला कायदा होता.

"वळू नदीत शिरला, सरकार! पोहत पल्याड गेला," बाई आक्रोश करत होती.

न्यायाधीश म्हणाले, "पलीकडचा काठ आपल्या कचेरीच्या हद्दीत येत नाही."

अक्षर न् अक्षर तेच! का नसावं? आधीची चूक चावडीवर आलीच नव्हती, मग तिच्यातून कोण काय शिकणार?

गर्दीत मागे नावाडी उभा होता. बोललं तर कोठडी, न बोललं तर त्या बाईचा हात जाणार. खोटं कशाला सांगू, त्याचे पाय एकदा घराकडे वळलेही. पण कारकुनानं लेखणी दौतीत बुडवली आणि त्याला राहवलं नाही.

"थांबा!" तो पुढं घुसला. "त्यो घोंगडीवाला जिता हाय! माझ्या वक्ताला पल्याड इचारलं न्हाई, सात वर्सं सडवलं मला. आता हिचा हात घेता व्हय? ही घ्या तुमची माफी! माफी गुन्हेगाराला द्या. म्या गुन्हा केलाच न्हाई."

"धरा त्याला!" न्यायाधीश ओरडले. कोतवालानं त्याचं बकोट धरलं.

पण बारा गावांनी ऐकलं होतं. एक म्हातारा उठून म्हणाला, "आरं, पल्याड म्हंजी काय लंका हाय? चला, बघून येऊ!"

लोकांनी नावाड्याला कोतवालाच्या हातून सोडवलं आणि दहाजण त्याच्या नावेत बसून पलीकडे गेले. वळू एका हरभऱ्याच्या शेतात मजेत चरत होता, आणि शेतकरी काठी घेऊन त्याच्या नावानं खडे फोडत होता. फुटाणेवाल्या म्हातारीनं वळूचंही सांगितलं आणि घोंगडीवाल्याचंही.

वळू कचेरीच्या अंगणात आला. न्यायाधीशांनी घाम पुसला आणि ते कारकुनाला म्हणाले, "लिहा. महाराज उदार होऊन या बाईला माफी..."

"माफी नगं!" बाई कडाडली.

"बरं, कचेरीकडून चूक झाली असेल."

"कचेरीला हात हाय का, सरकार? तुटणार हुता त्यो माझा हात. चूक कुणाची, त्याचं नाव घ्या!"

कुणी जागचं हललं नाही. ऊन उतरू लागलं, तरी अंगण भरलेलंच. अखेर न्यायाधीश खाली मान घालून म्हणाले, "माझी. दोन्ही वेळा माझीच."

हे राजाच्या कानावर गेलं. त्यानं तो माफीचा कागद मागवून वाचला आणि न्यायाधीशांना विचारलं, "चुकलात, त्याबद्दल तुम्हाला समज देऊन सोडलं असतं. पण हा कागद काय चुकून लिहिलात?" राजानं त्यांना आणि कोतवालाला पदावरून खाली उतरवलं, आणि नावाडी निर्दोष असल्याची दवंडी बाराही गावांत पिटवली.

लोक नावाड्याच्या नावेत बसू लागले. एकदा नदीच्या मध्यावर कुणीतरी त्याला समजुतीनं म्हणालं, "झालं गेलं गंगेला मिळालं, बाबा. आता इसरून जा."

नावाडी वल्ही मारत म्हणाला, "म्या इसरंन. कचेरीनं इसरू नये."

बोध असा, की चूक नकळत होते, पण ती झाकली जाते जाणूनबुजून. म्हणून चुकणाऱ्याला समज पुरे, झाकणाऱ्याला मात्र शिक्षाच हवी.