खंड्याची काठी

एका तळ्याकाठच्या गावात वामन नावाचा फोटोग्राफर होता. गोष्ट जुनी आहे, कॅमेऱ्यात रोल घालायचे त्या दिवसांतली. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, म्हणून बटण दाबण्याआधी माणूस दहादा विचार करी. आताच्यासारखी उधळपट्टी नव्हती बाबा!

वामनचा जिवाभावाचा मित्र हैबती. वाडवडिलांपासूनचा मासेमार. दर रविवारी दोघं तळ्यावर जात, एकाच्या खांद्यावर गळ आणि दुसऱ्याच्या गळ्यात कॅमेरा. हैबतीच्या बायकोनं दिलेली भाकरी आणि सुकटीची चटणी दोघं अर्धी अर्धी खात. काय ते दिवस! वामनला म्हातारपणीसुद्धा त्या चटणीची आठवण झाली की तोंडाला पाणी सुटे.

वामनला पक्ष्यांचे फोटो काढायचं वेड, त्यातही खंड्याचं. हा निळा पक्षी भारी चपळ. दिसला म्हणेपर्यंत पसार!

"जवळ येतच नाही रे," एकदा वामन कुरकुरला.

"येईल कसा? त्याला बसायला नको का काही?" हैबती म्हणाला.

तळ्याच्या तळाशी सगळा कातळ. काठी रोवायची सोय नाही. मग हैबतीनं गळाची दोरी पाण्यात सोडून तो काठावर दगडाखाली दाबून ठेवला, एक वाळकी काठी घेतली आणि तो गळ्याइतक्या पाण्यात जाऊन उभा राहिला. डोक्यावर शेवाळ ओढून घेतलं. काठीचं टोक पाण्यावर धरलं, ते धरलंच. तास गेला. हाताला रग लागली. तेवढ्यात काठावरच्या गळाला भली मोठी मरळ लागली. दगड सरकला, गळ सरसर पाण्यात ओढला गेला. हैबतीनं ते पाहिलं, पण तो हलला नाही. कारण त्याच क्षणी खंड्या काठीवर येऊन बसला होता. वामननं बटण दाबलं.

फोटो असा उतरला की बघत राहावं. फक्त कोपऱ्यात हैबतीची मूठ आली होती. वामनला वाटलं, हिच्यानं शोभा जाते. छापताना त्यानं तेवढा कोपरा कापून टाकला.

जिल्ह्याच्या प्रदर्शनात त्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. हैबती ठेवणीतला सदरा घालून आला होता. एका पाहुण्यांनी विचारलं, "खंड्या इतक्या जवळ बसला कसा हो?"

मित्राचं नाव वामनच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर मोठमोठी माणसं, गळ्यात हार. तो म्हणाला, "एकट्यानं बसून राहावं लागतं. चिकाटी लागते!"

हैबती मागेच उभा होता. गर्दीतून वाट काढत निघून गेला.

पुढच्या रविवारी वामन तळ्यावर वाट पाहत बसला. हैबती आला नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. घरून आणलेली भाकरी वामनच्या घशाखाली उतरेना. आपल्या फोटोच्या दुकानात लावलेल्या बक्षिसाकडे बघवेना. अशी दोन वर्षं गेली.

शेवटी त्यानं जुनी निगेटिव्ह शोधून काढली आणि फोटो पुन्हा छापला, मुठीसकट. भर बाजारातल्या आपल्या दुकानात तो लावला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'काठी धरणारा: हैबती'. मग तो हैबतीला हाताला धरून घेऊन आला.

"चुकलो रे," वामन सगळ्यांदेखत म्हणाला. "तुझा हात कापायला नको होता."

हैबतीनं फोटो नीट निरखला. "हात बरा आलाय. पण माझी मरळ गेली त्याचं काय?"

"रविवारी कॅमेरा तू घे. काठी मी धरतो."

रविवारी वामन गळ्याइतक्या पाण्यात उभा राहिला, डोक्यावर शेवाळ, हातात काठी. पाव तासातच खांदा थरथरायला लागला.

"हैबत्या, किती वेळ रे अजून?"

"गप! चिकाटी लागते!"

वामनला हसूही आलं आणि रडूही आलं. खंड्या काही आला नाही. हैबतीनं काढलेला फोटो तिरपा आला, त्यात शेवाळलेलं डोकं आणि ओले डोळे तेवढे दिसत होते. तोच फोटो वामननं आयुष्यभर बक्षिसाच्या जागी लावून ठेवला.

तात्पर्य: आपल्या यशाला ज्याचा हात लागला, त्याचं नाव चारचौघांत घ्यावं, ते लपवलं तर बक्षीस हाती राहतं, पण माणूस निघून जातो.