सहावं घर

“पण उस्ताद, माझ्या हातची काडतुसं गिऱ्हाइकाला कधी देणार?”

दस्तगीर उस्ताद बशीतला चहा फुंकत होते. तो संपवून त्यांनी बशी खाली ठेवली.

जतच्या बाजारात त्यांचं बंदुकांचं परवानाधारक दुकान होतं. सर्जेराव तिथं नऊ वर्षं शिकत होता. हात चांगला तयार झाला होता, आणि ही गोष्ट तो येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कानावर घालायला कधी चुकत नसे.

“आज उडवून बगू,” उस्ताद म्हणाले. “मग ठरवू.”



काम इनामदारांच्या पणजोबांच्या विलायती रिव्हॉल्व्हरचं होतं. त्याची काडतुसं करणारा कारखाना कधीच बंद पडला होता, म्हणून उडालेल्या पितळी पुंगळ्याच पुन्हा भरायच्या. इनामदारांनी तेरा आणून दिल्या. उस्तादांनी आपल्या पाटावर बसून एकेक पुंगळी टिचकी मारून ऐकली. बद्द वाजल्या, म्हणजे तडा गेलेल्या, त्या सात भंगाराच्या वाटीत टाकल्या आणि सहा सर्जेरावाला दिल्या.

त्यातल्या एकीचं तोंड काल त्याच्या हातून चेचलं. सांगितलं तर आणखी वर्षभर नुसत्या पुंगळ्या घासत बसावं लागणार! त्यानं गुपचूप वाटीतली एक उचलली, घासूनपुसून लखलखीत केली आणि भरली. एकदा भरल्यावर ती बद्द की खणखणीत, हे कोण ओळखणार? त्यात उस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू.

आज ती रिव्हॉल्व्हरच्या सहाव्या घरात बसली होती.

मागच्या अंगणात वाळूची पोती रचली होती. सर्जेरावानं सवयीनं रिव्हॉल्व्हर उचललं. पुंगळी फाटलीच तर आपला हात पोळेल, एवढीच त्याची मनाची तयारी होती.

“आन इकडं,” उस्ताद म्हणाले. “भरणाऱ्यानं उडवायचं नसतं. दुसऱ्यानं उडवायचं. दुकानाची रीत हाय.”

रीत त्याला पाठ होती. नऊ वर्षं उस्ताद भरत आले होते आणि तो उडवत आला होता. ती एक दिवस उलटी फिरेल, हे मात्र या शहाण्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

उस्तादांनी हात लांब केला. म्हाताऱ्या मनगटावरच्या शिरा वर आल्या.

पहिला बार झाला. दुसरा झाला.

“उस्ताद, ऱ्हायलेलं मी उडवतो की...”

“गप ऱ्हा.”

तिसरा. चौथा.  हेच हात धरून सर्जेराव कानस चालवायला शिकला होता.

पाचवा.

उस्तादांनी घोडा मागं ओढला...

“थांबा!”

सर्जेराव ओरडला. रिव्हॉल्व्हरची नळी हळूच जमिनीकडे वळली.

“ती भंगारातली हाय, उस्ताद... एक माझ्या हातनं चेचली. तुमाला सांगितलं न्हाई.”

उस्तादांनी घोडा अलगद उतरवला. सहावं काडतूस काढलं, बोटांत घोळवलं आणि पाण्याच्या बादलीत सोडलं.

“आता मलाबी त्या वाटीत टाका,” सर्जेराव म्हणाला. त्याला रडू आवरत नव्हतं.

उस्तादांनी रिव्हॉल्व्हर बाजूला ठेवलं.

“माझी काडतुसं उडवताना कवा भ्यालास?”

“न्हाई. तुमी भरलेली असायची की.”

“हं...”

ते आत गेले. काडतुसं भरायच्या पाटावरची आपली घोंगडी त्यांनी उचलली, झटकली, आणि पुन्हा तिथंच पसरली. पण स्वतः बसले नाहीत.

“नऊ वर्सं, सर्जा... तुझ्या दर बाराला माझ्या व्हटावर ‘थांब’ यायचं. बस हितं. आता तुला भरता येतंय.”